धानाचं फूल पाहिलं ते वर्ष

आश्विन लागला की आमच्या कोंढा गावाच्या आसपास हवेला एक वास येतो. भाताचा नव्हे, चिखलाचाही नव्हे. हिरव्या काडीच्या पोटात दूध भरायला लागतं तेव्हाचा, जरासा गोड, जरासा कच्चा. इथला माणूस तो वास झोपेतून उठल्याउठल्या ओळखतो आणि म्हणतो, "धान निसवला." म्हणजे पानांच्या आतून लोंब बाहेर पडली, आता दाणा भरणार. यंदाही परवा सकाळी मागचं दार उघडलं आणि वास आत आला. मी दारातच थोडा वेळ उभी राहिले. हा वास आला की मला ते एक वर्ष आठवतं.

मी दिघोरीची. धान उगवणाऱ्या घरातली. रोपांचे परे काढताना आईच्या मागे चिखलात बसलेली, मळणीला धान चुरताना तणसाच्या पेंढ्यात लोळलेली. लग्न होऊन कोंढ्याला आले तर घराच्या मागं पुन्हा धानाच्याच बांध्या, बांधांनी आखलेली शेतं. एवढं आयुष्य धानाच्या संगतीत गेलं, पण धानाचं फूल मी त्या वर्षापर्यंत पाहिलेलं नव्हतं.

आमचे हे, मधुकर, फोटोग्राफर. कोंढ्याच्या रस्त्यावर त्यांचा छोटा स्टुडिओ. पवनीपासून अड्याळपर्यंत कुणाच्याही घरात लग्नाचा अल्बम उघडा, तो यांच्या हातचा निघण्याची शक्यता मोठी. लग्नात हे कधी धावपळ करताना दिसायचे नाहीत. एका जागी उभे राहायचे, आणि अंतरपाट खाली येताना नवरीची पापणी वर उचलली जाते, नेमका तो क्षण यांच्याकडे असायचा. नथ, अंगठी, मेंदीची बोटं जवळून टिपायला त्यांनी एक वेगळी लेन्स घेतली होती. तिला मॅक्रो लेन्स म्हणतात. त्या लेन्समधून अंगठीतला खडा परातीएवढा दिसे. मला त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. मी फक्त ती मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवायची.

आधी कप वाजायला लागला. सकाळी चहा द्यावा आणि बशीवर कप किणकिण करावा. मी म्हटलं, झोप झाली नसेल. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मग एका लग्नातले फोटो घरी आणून त्यांनी संगणकावर पाहिले. नवरीच्या चेहऱ्याला दोन कडा होत्या. सगळ्याच फोटोत. त्या दिवशी त्यांनी लेन्स पुसली, पुन्हा पुसली, आणि जेवायला आलेच नाहीत.

नागपूरच्या डॉक्टरांनी हाताची बोटं उघडझाप करायला लावली, चालून दाखवायला सांगितलं, आणि नाव सांगितलं, कंपवात. औषधानं आवरता येईल, जाणार नाही. वाढेल, पण हळू. रोज सकाळी चालत जा. हे असं ऐकत होते जणू शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाबद्दल बोलणं चाललं आहे. येताना एसटीत डोळे मिटून बसले. दुसऱ्या दिवशी जाऊन स्टुडिओचं शटर ओढून आले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

तो पावसाळा घरात बसून गेला. बाहेर रोवणा झाला, चिखलात रोपं लावणाऱ्या बायांची गाणी ऐकू आली, बोडी, म्हणजे आमचं छोटं तळं, भरून सांडव्यावरून पाणी गेलं. हे दारापुढच्या छपरीतल्या खुर्चीवर. उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवलेला. कुणी भेटायला आलं की हात टॉवेलखाली. मी स्वयंपाकघरातून बघायची. माणूस डोळ्यांसमोर असतो आणि तरी कुठंतरी निघून जात असतो, हे मी तेव्हा पाहिलं.

आश्विनात एका सकाळी पवनीच्या एका तरुण फोटोग्राफरचा फोन आला. यांचा कॅमेरा त्याला हवा होता. हे लगेच हो म्हणाले. फोन ठेवून मला म्हणाले, "शोभा, कॅमेरा काढ कपाटातून. चालू हाय का नाई पाहून घे. तो दोन दिवसात येऊन नेन म्हणते."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"बटन दाबता येते ना? मंग दाब. मले नाई धरवत."

मी कॅमेरा काढला. कपाटात तो ती मॅक्रो लेन्स लावूनच ठेवलेला होता, ती काढायची कशी हे मला माहीत नव्हतं. मागच्या दारी गेले. कुंपणापलीकडे यमुनाकाकूंची बांधी. काकू आमच्या शेजारणी, यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या, एकटीच्या हिमतीवर शेती करणाऱ्या. त्यांचा धान निसवलेला. कुंपणाला टेकलेली एक लोंब दिसली, तिच्याकडे कॅमेरा करून मी बटण दाबलं. आणून यांना दाखवलं.

"हे काय होय?"

"धान."

"हा धान? मले तं ढग दिसते हिरवा." त्यांनी कपाळाला आठी घातली. कित्येक महिन्यांत मी ती आठी पाहिली नव्हती, कामातली आठी. "फोकस कुठी हाय तुहा? आणि फोटो काढता काढता श्वास कायले घेऊन राहिली? श्वास सोड, थांब, मंग दाब. जा, पुन्हा काढ."

मी पुन्हा गेले. पुन्हा ढग. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हे माझ्या मागं येऊन उभे होते. "कोपर पोटाले टेकव. आता तू स्वतः थोडी मागंपुढं हो, लेन्स नको फिरवू. हां. दाब."

आम्ही दोघं कुंपणापाशीच पडद्यावर वाकलो. त्यांनी थरथरत्या बोटानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि थांबले. हिरवा दाणा चिमणीनं चोच उघडावी तसा मधोमध उघडला होता. त्यातून केसासारखे पांढरे तंतू बाहेर लोंबत होते आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला पिवळसर, इवलीशी पिशवी. आत खोल कुठंतरी पिसासारखं काही.

"किडं होय का वो?" हे म्हणाले.

"नाई... फूल दिसते."

"धानाले फूल?"

फुलोरा हा शब्द आम्ही दोघंही जन्मापासून ऐकत होतो. फुलोऱ्यात पाऊस नको, फुलोऱ्यात फवारणी नको. पण तो आमच्यासाठी एका आठवड्याचं नाव होता, धाकाचा आठवडा. त्याच्या आत खरोखरचं फूल असतं, ज्याच्यावर आमची पिढ्यान्‌पिढ्यांची ताटं उभी आहेत, ते आम्ही कधी वाकून पाहिलं नव्हतं. दोन वेळा भात खाणारी आम्ही माणसं, त्याचं फूल पाहून परक्यासारखी उभी होतो.

पवनीचा फोन दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. हे म्हणाले, "आता नाई देत भाऊ. थोडं काम राह्यलं." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "थे धानाचं फूल बी सकाळचंच उमलते वाटते. चालतं का माह्यासंग?"

मग रोजची सकाळ ठरली, बांधीच्या कडेला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणंही त्यात झालं. दव सुकून ऊन जरा तापलं की लोंबीवरचे दाणे उघडायला लागतात, आणि दुपार व्हायच्या आत सगळं मिटून जातं. तेवढ्या वेळात वारा पडला पाहिजे. वारा पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. झाडाचं पान हलत नसलं तरी लोंब हलत असते. इतक्या जवळून पाहिलं की स्थिर असं काही नसतंच. माझा श्वास लागला तरी ती डोलायची. केसाएवढाच भाग ठळक दिसतो, बाकी सगळं विरघळून जातं, आणि तो केसाएवढा भाग पकडण्यात सकाळ निघून जायची.

पहिल्याच दिवशी यमुनाकाकूंनी लांबून हाक मारली. "ए शोभा, बांधीत कायले उतरून राहिली वो? फुलोऱ्यात हाय धान! पायानं हलवशीन तं पोचट राहीन सारा!"

"नाई काकू, धुऱ्यावरच बसून हावो आमी."

"काय करून राहिले मंग?"

"फुलाचा फोटो."

काकू धुऱ्यावरून जवळ आल्या. मग म्हणाल्या, "मधूचा हात बरा झाला का?"

हे ऐकून यांचा चेहरा जो उतरला, तो मी पाहिला. आणि दुसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. हे म्हणाले, "आण, मी काढतो." मी कॅमेरा दिला. त्यांनी कोपरं पोटाला टेकवली, गुडघे धुऱ्यावर रोवले, श्वास सोडला. सगळं बरोबर केलं, मला शिकवलं त्याहून बरोबर. वाराही पडलेला होता. पण लेन्सचं तोंड पाण्यातल्या काडीसारखं हलत राहिलं. त्यांनी एक काढला, दुसरा काढला, मग काढतच गेले, खटखटखटखट. मग कॅमेरा हळूच धुऱ्यावर ठेवला आणि उठून चालायला लागले.

मी कॅमेरा पदराखाली धरून मागं गेले. ते बोडीच्या पाळीवर बसले होते. पाण्यात कमळाची पानं, त्यांवरून तुरुतुरु चालणारे पक्षी. मी बाजूला बसले. 

"देऊन टाक त्याले," ते म्हणाले.

"मंग माहं शिकणं?"

"तू शिकून काय करशीन?"

"ते नाई मालूम. पण आता लागली हाय गोडी. आणि मले एकटीले येत नाई. उजेड कोणत्या बाजूनं घ्याव, कोणती लोंब धराव, मले काई दिसत नाई. तुमाले सांगावंच लागन."

"मी सांगू कोणत्या तोंडानं, शोभा? माहाच हात मले आइकत नाई."

"ज्या तोंडानं चहा पेता, त्याच तोंडानं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. पण बोडीच्या पाण्यात एक खडा टाकला, उजव्या हातानं. मी हात टॉवेलबाहेर पाहिला, एवढंच मला त्या दिवसाला पुरलं.

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं मी शिकून काय करणार होते. मला फक्त तो माणूस खुर्चीतून उठायला हवा होता. गोडी लागली असं मी त्यांच्यासाठी म्हटलं होतं. ती खरोखर लागली आहे हे मला पुढं कळलं, एका सकाळी हे तापानं झोपले असताना मी एकटीच धुऱ्यावर जाऊन बसले तेव्हा.

तर हे सांगू लागले. आधी कमी, मग इतकं की मला म्हणावं लागे, जरा गप्प बसा. जुन्या ब्लाउजच्या कापडाची मी एक पिशवी शिवली, तिच्यात कोंडा भरला आणि ती धुऱ्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला. त्यानं माझे हात मोकळे झाले. हे माझ्या मागून बघायचे. "ती नको, जिच्यामागं उजेड हाय ती बाजूची धर." "आता थांब, ढग जाऊ दे." "खाली बस अजून, फुलाच्या डोळ्यानं पाहा." त्यांना ज्या लोंबीवर फूल उघडणार ती आधी दिसायची. लग्नात पापणी उचलायच्या आधी दिसायचं, तेच हे. ते त्यांच्या हातात नव्हतंच कधी, हे मला तेव्हा उमगलं. ते त्यांच्या डोळ्यांत होतं, आणि डोळे तसेच होते.

त्यातला एक फोटो फार चांगला आला. उघडलेला दाणा, त्याचे तंतू, आणि एका तंतूवरून नुकताच सुटलेला पिवळा पराग, हवेतच. हे स्टुडिओ उघडून बसले, कारण छापायचं यंत्र तिथंच. पहिल्यांदा शटर वर गेलं तेव्हा आतून कोंदट वास आला आणि एक सरडा बाहेर पळाला. त्यांनी तो फोटो मोठा छापला आणि आम्ही यमुनाकाकूंना नेऊन दिला.

काकूंनी तो उजेडात धरला. जवळ घेतला, लांब केला. "हे माह्या बांधीतलं होय?"

"तुमच्याच. कुंपणाकडच्या कोपऱ्यातलं."

"एवढं देखणं राह्यते अन् मी सारा जलम खालीच पाहून तण निंदत राह्यली." मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तू काढला?"

 मला वाटलं, आता पुन्हा तो चेहरा. पण ते म्हणाले, "काढला शोभानं. दिसला मले."

काकूंनी तो फोटो देवाच्या भिंतीवर लावला. दिवाळीत गावातल्या बाया त्यांच्याकडे फराळाला आल्या, तशी गोष्ट पसरली. कुणी म्हणे आमच्या परसातल्या येरोनीच्या झुडपाचा काढ, कुणी म्हणे कारल्याच्या वेलाचा. कुणी काढून घ्यायला यायचं, कुणी नुसतं बघायला. यायचं ते यांच्याशी बोलायचं. हात टॉवेलखाली जायचा थांबला तो असाच, कधी थांबला ते कुणाला कळलं नाही.

धान कापला गेला आणि मला वाटलं, संपलं. पण आमच्याकडं उभ्या धानातच लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी, टाकतात. धान गेला की रिकाम्या बांध्यांतून ती वर येते, आणि थंडीत तिला निळी फुलं लागतात. लांबून नुसता निळसर धूर दिसतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक पाकळीवर गडद रेषा, कुणी बारीक सुईनं दोरा घातल्यासारख्या, आणि मध्ये पांढरी, घट्ट मिटलेली होडी. त्या थंडीत आम्ही लाखोरी केली, जवस केला, धुऱ्यावरच्या ज्या बारीक फुलांना आम्ही गवत म्हणून तुडवत होतो ती केली. त्यांची नावं आम्हाला आली नाहीत, तरी ओळख झाली. स्टुडिओचं शटर रोज वर जाऊ लागलं. पासपोर्टचे फोटो मी काढायला लागले. पहिल्या माणसाचे फोटोत कान कापले गेले, दुसऱ्याचा फोटो बरा आला.

माघात पुन्हा नागपूर. डॉक्टरांनी पुन्हा बोटं उघडझाप करायला लावली. सुधारणा नव्हती. जराशी वाढच होती. गोळी बदलली. मी बाहेर येऊन पाणी प्यायले, कारण मला वाटत होतं, एवढ्या सकाळींचं काहीतरी फळ दिसेल. आजार फुलं पाहून जात नसतो, हे कळत असून मनात आशा लपून बसलेली असते. यंदा तर डाव्या हातालाही सुरुवात झाली आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

पण माघातल्या त्या दिवशी परतीच्या एसटीत हे खिडकीपाशी बसले होते. भंडाऱ्याच्या पुढं गाडी आली आणि त्यांनी माझ्या दंडाला कोपर मारलं. "पळस लागला पाह्य."

बाहेर पळसाचं एकच झाड, पानं गळालेली, कळ्या नुकत्या फुटत होत्या.

"त्या कळीवर लव राह्यते," ते म्हणाले, "काळी, मखमलीसारखी. अन् पाकळीवर बी बारीक लव हाय वाटते. उजेड मागून आला तं दिसन. उद्या पाहू." आणि मग स्वतःशीच, "उद्या ढग नाई पाह्यजे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या वर्षात उद्या हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. डॉक्टरांकडून आम्ही रिकाम्या हातानं येत होतो आणि या माणसाला उद्याच्या ढगांची काळजी पडली होती.

चैत्रात मोहाची झाडं फुलली. गावाबाहेरच्या रानात पहाटे बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला जातात, आम्ही उजाडल्यावर जायचो. झाडाखाली मऊ पिवळसर फुलांचा सडा, गोड जड वास, त्यावर मधमाश्या. मला फांदीवरचं फूल हवं होतं, पडायच्या बेतात असलेलं. एक खालची फांदी सापडली. पण सकाळचा वारा सुटलेला, आणि फांदी थांबेना.

"अजी, तुमी अशे उभे राहा. दुपट्टा धरा दोन्ही हातानं, वारा अडन."

हे फांदीच्या बाजूला उभे राहिले, दुपट्टा पसरून. वारा अडला. पण दुपट्टाच फडफडायला लागला, उजवीकडून. फूल पुन्हा डोललं. मी डोळा लेन्सला लावलेला, श्वास सोडलेला, आणि तोंडातून निघून गेलं, "हलू नका ना वो!"

बोलून गेल्यावर मला माझंच ऐकू आलं. फुलं वेचणाऱ्या बायांनीही वर पाहिलं. मी डोळा उचलला नाही. उचलायची हिंमत नव्हती.

"आता हे तू डॉक्टरले सांग," वरून आवाज आला. "म्हणावं, यायले हलू नका म्हनून लिहून द्या. दिवसातून दोनदा, जेवण झाल्यावर."

मी वर पाहिलं. ते हसत होते. दुपट्टा हसण्यानं आणखीच हलत होता. मग मी हसले, बायाही हसल्या, एकीची टोपली कलंडली, आणि त्या गडबडीत ते फूल आपलं आपण सुटून माझ्या गुडघ्याशी पडलं.

"गेलं," मी म्हटलं.

"जाऊ दे." त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, कोंड्याची पिशवी उचलून बगलेत घेतली. "त्या पलीकडच्या झाडाले अजून कळ्याच हायेत. चाल, ऊन तापायच्या आंधी पोहोचू."

आणि ते माझी वाट न बघता पुढं चालायला लागले.